निसर्गचित्रकार एडवर्ड लिअर : शांत भूदृश्य आणि त्याच्या कडा

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी साहित्याच्या इतिहासात एडवर्ड लिअर (१८१२–१८८८) याची नोंद बहुधा एका परिच्छेदात आटोपते. नॉन्सेन्स कवितेचा प्रवर्तक, पाच ओळींच्या विनोदी कडव्यांचा लोकप्रिय कर्ता, मुलांचा आवडता कवी ही त्याची सर्वपरिचित ओळख होय. विंदा करंदीकरांच्या बालकवितेच्या निमित्ताने विसंगतीच्या काव्याचा विचार करताना मराठी अभ्यासकांनाही लिअरचे नाव ठाऊक होते ते याच नात्याने. वस्तुतः लिअर स्वतःला कवी मानीत नव्हता. आयुष्यभर त्याने एकच व्यवसाय सांगितला, तो निसर्गचित्रकाराचा. आपल्या प्रवासवृत्तांच्या शीर्षकांतही त्याने हीच उपाधी लावली. चरितार्थ चालला तो जलरंगांतील भूदृश्यांवर, आणि कीर्ती मिळाली ती फावल्या वेळात केलेल्या विनोदी कवितांना. या दोन लिअरांचा परस्परांशी काय संबंध होता, हा त्याच्या चरित्रातील खरा प्रश्न आहे. तो प्रश्न सर्वांत स्पष्टपणे समोर येतो तो त्याच्या भारतप्रवासात, त्यातही १८७४ च्या पावसाळ्यात मुंबई-पुण्याच्या परिसरात. म्हणूनच मराठी वाचकाने हे चरित्र चित्रकाराच्या बाजूने वाचणे अगत्याचे आहे.

१

लिअरचा जन्म १२ मे १८१२ रोजी लंडनजवळच्या हॉलोवे येथे झाला. आईवडिलांच्या एकवीस अपत्यांपैकी तो विसावा. त्यातली अनेक भावंडे लहानपणीच दगावली. लिअर चार वर्षांचा असताना वडील आर्थिक अडचणीत सापडले आणि घराची घडी विसकटली. त्याचा सांभाळ केला तो त्याच्याहून एकवीस वर्षांनी मोठ्या असलेल्या ॲन या बहिणीने. आईची माया बहिणीकडून मिळाली, परंतु आईने आपल्याला दूर केले हा सल मात्र पुढे आयुष्यभर राहिला. शालेय शिक्षण जवळजवळ झालेच नाही. वाचणे आणि फुले-पाने-पक्षी यांची चित्रे काढणे या दोन्ही गोष्टी त्याला बहिणींनी घरीच शिकवल्या.

पाचव्या-सहाव्या वर्षापासून त्याला अपस्माराचे झटके येऊ लागले. त्या काळी हा रोग लज्जास्पद मानला जाई. झटका येण्यापूर्वीची चाहूल त्याला लागत असे आणि तो चारचौघांतून उठून एकान्तात जात असे. परिणामी अत्यंत जवळच्या मित्रांनाही त्याच्या आजाराचा पत्ता नव्हता. रोजनिशीत तो अशा दिवसांवर फुलीची खूण करी. या खुणांचा अर्थ बऱ्याच उशिरा, त्याच्या रोजनिश्यांचा बारकाईने अभ्यास झाल्यावर उलगडला, आणि १९६८ साली व्हिव्हियन नोक्स यांनी लिहिलेल्या चरित्रामुळे लिअरच्या एकाकीपणाचे हे मूळ सर्वांसमोर आले. दम्याचा विकार, अधू डोळे आणि वारंवार येणारी विषण्णता ही आणखी दुखणी होतीच. विनोदी कवी म्हणून मैफलीत हवाहवासा वाटणारा हा माणूस माणसांपासून ठरावीक अंतरावर का राहिला आणि उघड्या माळावर, झाडाखाली, एकट्याने चित्र काढीत बसणेच त्याला का मानवले, याचे एक उत्तर या फुल्यांमध्ये आहे.

२

वयाच्या पंधराव्या वर्षापासून तो चित्रे विकून पोट भरू लागला. अठराव्या वर्षी त्याने लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील पोपटांची चित्रमालिका हाती घेतली. १८३० ते १८३२ या काळात भागशः प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात ४२ चित्रे आहेत. तोपर्यंत पक्ष्यांची शास्त्रीय चित्रे बहुधा पेंढा भरलेल्या नमुन्यांवरून काढली जात. लिअरने ती पिंजऱ्यातल्या जिवंत पक्ष्यांसमोर बसून काढली. मापे घेतली, पिसांचे रंग टिपले, आणि शिवाय पक्ष्याची ऐट व त्याचा स्वभावही पकडला. ही चित्रे शिळाछापाच्या दगडावर त्याने स्वतःच उतरवली. ग्रंथ आर्थिकदृष्ट्या तोट्यात गेला, तरी त्यामुळे पुढे डर्बीचा तेरावा अर्ल झालेल्या लॉर्ड स्टॅन्ली यांचे लक्ष त्याच्याकडे वेधले गेले. नोझ्ली येथील त्यांच्या खासगी प्राणिसंग्रहातील पशुपक्ष्यांची चित्रे काढण्याचे काम त्याला मिळाले. त्याच वाड्यातल्या मुलांना हसवण्यासाठी त्याने चित्रांसह पाच ओळींची कडवी रचली. १८४६ साली ती टोपणनावाने पुस्तकरूपात आली. या रचनाप्रकाराला ‘लिमरिक’ हे नाव पुढे शतकाच्या अखेरीस रूढ झाले. लिअरने ते कधी वापरले नाही.

पक्ष्यांच्या पिसांचे बारकावे टिपता टिपता त्याची दृष्टी क्षीण झाली. शहामृगाहून लहान पक्षी आता आपल्या डोळ्यांना झेपत नाही, अशा अर्थाची थट्टा त्याने १८३६ च्या सुमारास एका पत्रात केली आहे. थट्टेआडचे सत्य मात्र गंभीर होते. शास्त्रीय चित्रकाराचा व्यवसाय त्याला सोडावा लागणार होता. जे डोळे जवळचे पाहू शकत नाहीत त्यांनी दूरचे पाहावे, अशा काहीशा अपरिहार्यतेने तो निसर्गचित्राकडे वळला. डर्बीकरांच्या आश्रयाने १८३७ साली तो रोमला गेला आणि सुमारे दहा वर्षे तिथे राहिला. पुढे ग्रीस, अल्बानिया, कॉर्फू, इजिप्त, पॅलेस्टाइन, कॉर्सिका असा त्याचा प्रवास मृत्यूच्या काही वर्षे आधीपर्यंत चालूच होता.

१८४६ साली त्याचे इटलीतील सफरींवरील सचित्र पुस्तक पाहून राणी व्हिक्टोरियाने त्याला चित्रकलेचे धडे देण्यासाठी बोलावले. एवढा मान मिळूनही आपले शिक्षण अपुरे आहे ही जाणीव त्याला सतावीत राहिली. १८५० साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्याने लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या शाळेत कोवळ्या विद्यार्थ्यांच्या रांगेत बसून प्रवेश घेतला. १८५२ मध्ये त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेल्या होल्मन हंट या चित्रकाराकडून त्याने तैलरंगांचे तंत्र शिकून घेतले आणि त्याला गमतीने तो पितृस्थानी मानू लागला. त्या काळी चित्रकाराची प्रतिष्ठा मोठ्या तैलचित्रांवर अवलंबून होती. जलरंग हे प्राथमिक टिपण किंवा घरात टांगण्याची शोभेची वस्तू समजली जाई. लिअरनेही तैलचित्रांसाठी जिवाचा आटापिटा केला, परंतु त्याच्या हाताचा खरा धर्म जलरंगाचा होता.

३

लिअरची काम करण्याची रीत लक्षात घेतल्याखेरीज त्याच्या भूदृश्यांचे स्वरूप उमगत नाही. तो पहाटे निघे. जागा निवडून झाली की पेन्सिलीने झपाट्याने रेखाटन करी. कोपऱ्यात स्थळाचे नाव, तारीख आणि घटकेची अचूक वेळ लिही व अनुक्रमांक घाली. त्याच दिवशी त्याच ठिकाणी दोनदा बसला तर दोन्ही वेळा नोंदवी, कारण त्याच्या लेखी सकाळचा डोंगर आणि संध्याकाळचा डोंगर हे दोन वेगळे विषय होते. रंग भरण्याइतका अवकाश जागेवर नसे. म्हणून तो चित्रातच, त्या त्या वस्तूवर, शब्द लिहून ठेवी. इथे जांभळी छाया, इथे वाळलेले गवत, इथे मेंढ्या, इथे खडक. यांतील अनेक शब्दांचे लेखन तो मुद्दाम चुकीचे, उच्चारानुसारी आणि विनोदी करीत असे. रात्री किंवा पुढच्या हिवाळ्यात पेन्सिलीच्या रेषांवर तपकिरी शाईने टाक फिरवायचा आणि मग टिपणांच्या आधारे व स्मरणाने रंगांचे पातळ हात द्यायचे, असा त्याचा क्रम होता.

या रीतीमुळे त्याच्या जलरंगांना एक वेगळेच रूप लाभले. रंग इतका पातळ की कागदाचा पांढरेपणा उन्हासारखा आतून जाणवतो. रेषा सलग, हलती, जणू हस्ताक्षराचाच विस्तार. आणि रंगाखालून डोकावणारे शब्द. ही चित्रे प्रदर्शनासाठी नव्हती. मोठ्या, विक्रीयोग्य चित्रांसाठी जमवलेला तो कच्चा माल होता. विक्रीसाठी लिअर याच साठ्यावरून नीटनेटके, घोटीव जलरंग घाऊक पद्धतीने तयार करी. १८६२–६३ च्या हिवाळ्यात कॉर्फू येथे त्याने एकदम साठ चित्रे मांडली. आधी सर्वांची रेखाटने, मग सर्वांना एक रंग, मग दुसरा, असे काम चाले. या कंटाळवाण्या चित्रांना तो स्वतःच जुलमी हुकूमशहा म्हणत असे. आज रसिक त्या घोटीव चित्रांपेक्षा शब्दांनी भरलेली टिपणेच अधिक मोलाची मानतात. लिअरला हे सांगितले असते तर कदाचित त्याचा विश्वास बसला नसता.

साहित्याच्या अभ्यासकाला इथे थांबण्याजोगे काही आहे. चित्र पाहताना वाचावे लागते, असे हे चित्र आहे. ‘मेंढ्या’ हा शब्द लिहिलेल्या जागी मेंढ्या काढलेल्याच नसतात. शब्द वस्तूच्या जागी उभा असतो आणि पाहणाऱ्याने तिथे मेंढ्या कल्पायच्या असतात. निसर्गवर्णनपर कवितेत शब्द जे काम करतो तेच इथे कागदावर अक्षरशः घडते. शिवाय ज्या शब्दाचे लेखन वाकवून मोडून टाकले आहे तो शब्द आपल्या अर्थापासून किंचित सुटलेलाही असतो. नॉन्सेन्स कवितेचे बी नोझ्लीच्या शिशुशाळेत पडले असेल, पण ते रोज पाणी पीत होते ते या टिपणवह्यांत.

४

लॉर्ड नॉर्थब्रुक हा लिअरचा जुना स्नेही १८७२ साली हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला आणि त्याने लिअरला आमंत्रण दिले. त्या वर्षी सुएझपर्यंत येऊन लिअर परत फिरला. दुसऱ्या प्रयत्नात, २२ नोव्हेंबर १८७३ रोजी, तो मुंबई बंदरात उतरला. त्या वेळी तो एकसष्ट वर्षांचा होता. सोबत जॉर्जिओ कोकाली हा मूळचा सुली प्रांतातल्या कुळातला, कॉर्फूवासी सेवक होता. १८५६ पासून तो लिअरजवळ असे आणि लिअरने त्याला लिहायला-वाचायला शिकवले होते. पहिल्याच दिवशी मुंबईची झाडे, माणसे आणि वस्त्रांचे रंग पाहून लिअर हर्षभराने बेभान झाल्याचे त्याच्या दैनंदिनीवरून दिसते.

यानंतरचे सुमारे चौदा महिने त्याने अफाट भ्रमंती केली. लखनौ व बनारस करीत तो कलकत्त्यास गेला. बनारसच्या घाटांवरील रंगांनी त्याला दिपवले. कलकत्त्यातील सरकारी इतमामाला तो विटला, आणि गडबड व धांदल या अर्थांच्या इंग्रजी शब्दांना ‘आबाद’ हा प्रत्यय जोडून त्याने त्या शहराला नवे नाव दिले. जानेवारी १८७४ मध्ये दार्जिलिंगहून त्याने कांचनगंगेची रेखाटने केली. त्यांवरून पुढे तीन मोठी तैलचित्रे झाली. आग्रा, दिल्ली, सिमला, मग मुंबई इलाखा, हैदराबाद, मद्रास, महाबलीपुरम, त्रिचनापल्ली, निलगिरी, मलबार किनारा आणि शेवटी सिलोन असा हा प्रवास होता. सिलोनमध्ये जॉर्जिओ आमांशाने मरणाच्या दारातून परतला, लिअरची पाठही दुखावली, आणि जानेवारी १८७५ मध्ये दोघांनी परतीची बोट धरली. एवढ्या काळात केलेल्या रेखाटनांची संख्या दीड ते दोन हजारांच्या घरात जाते. हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात यांचा मोठा साठा आहे. भारतातील त्याची दैनंदिनीही तिथेच असून तिची निवडक आवृत्ती १९५३ साली प्रसिद्ध झाली.

ताजमहाल किंवा कांचनगंगा यांसारखे नामांकित विषय सोडले तर या साठ्यातील मोठा भाग साध्या ग्रामीण दृश्यांचा आहे. त्यांची मांडणी सहसा ठरलेली असते. पुढे एका बाजूला मोठे झाड किंवा माडांचा पुंजका. त्याच्या सावलीत बसलेली वा वाटेने चाललेली दोन-चार माणसे. मध्यभागी पाणी, शेत किंवा पांढुरका रस्ता. मागे डोंगराची निळसर रेघ आणि वर जवळजवळ कोरेच सोडलेले आकाश. ही मांडणी लिअरने भारतात शोधली नाही. सतराव्या शतकातील क्लोद लोरँपासून चालत आलेला आणि इंग्रज जलरंगकारांनी अंगवळणी पाडलेला हा साचा तो इटली-ग्रीसमधून बरोबर घेऊन आला होता. नवी होती ती वनस्पती. वड, बांबू, ताड, माड यांच्या रेषेत तो रंगून गेला. पोपटाचे पीस न् पीस पाहणारा नजरेचा जुना सराव इथे झाडांच्या कामी आला. त्याच्या चित्रातला माड हा कुठलातरी माड नसतो, त्या वाऱ्यातला त्या घटकेचा माड असतो.

मुंबई इलाख्यात आल्यावर माथेरान व महाबळेश्वर येथील कडे आणि दऱ्या त्याने रेखाटल्या. पावसाळा त्याला पुण्यात काढावा लागला. पावसाने कोंडून घातलेल्या निसर्गचित्रकाराचे हे दिवस हाताला फारसे काम देणारे नव्हते. पण याच दिवसांत लिअरच्या दोन्ही वृत्ती एकत्र आल्या.

५

जुलै १८७४ मध्ये मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’ या पत्रात लिअरची ‘द कमरबंड’ ही कविता प्रसिद्ध झाली. पुढे ती १८७७ चे वर्ष छापलेल्या त्याच्या अखेरच्या नॉन्सेन्स संग्रहात समाविष्ट झाली. संध्याकाळी तारा पाहत बसलेली एक स्त्री आणि तिला गिळून टाकणारा ‘कमरबंद’ नावाचा अक्राळविक्राळ प्राणी एवढेच तिचे कथानक. तिची सगळी गंमत शब्दयोजनेत आहे. साहेबाच्या बंगल्यात रोज कानांवर पडणारे हिंदुस्थानी शब्द लिअरने उचलले आणि त्यांना नवे अर्थ दिले. नायिका बसते ती धोबीवर. खानसामे हे उंच वृक्ष आहेत, खिदमतगार ह्या चौक्यांवरून लोंबणाऱ्या वेली आहेत, चपरासी हे सोनेरी कल्ल्यांचे मासे आहेत. झाडांच्या शेंड्यांवर हिरव्या आया बसल्या आहेत, मशक रात्रभर विव्हळते, नाल्याला जांभळ्या फांद्या फुटल्या आहेत, चंदेरी घोडेवाले हवेत उडतात, भिस्ती चिवचिवतात, आणि जंपान आपल्या गुहेत गुरगुरतो.

इंग्रज वाचकाला ही कविता म्हणजे अपरिचित ध्वनींची मौज वाटते. मुंबईतल्या त्या वेळच्या गोऱ्या वाचकाला ती वेगळ्या कारणाने हसवीत असणार, कारण शब्दांचे खरे अर्थ त्याला ठाऊक होते. मराठी वाचकाचे स्थान तिसरे आहे. त्याच्या दृष्टीने हे शब्द घरचे आहेत. धोबी, भिस्ती, आया, घोडेवाला ही सगळी कष्टकरी माणसांची नावे आहेत, हे त्याला एका क्षणासाठीही विसरता येत नाही. म्हणून हसता हसता त्याच्या लक्षात येते की या कवितेत माणसांचे भूदृश्य झाले आहे. नोकरचाकर झाडे, वेली, मासे, पक्षी होऊन एका गोऱ्या स्त्रीभोवतीचा शांत, रम्य देखावा बनले आहेत.

आणि मग लिअरच्या जलरंगांकडे परत पाहावे लागते. तिथेही झाडाखालची माणसे अशीच आहेत. ती बसलेली आहेत, चाललेली आहेत, डोईवर काही घेऊन उभी आहेत. त्यांना चेहरे नाहीत. उंचीचे प्रमाण दाखवणे आणि हिरव्या-तपकिरी पटावर लाल वा पांढरा ठिपका देणे हे त्यांचे काम. चित्रात जे सौंदर्य म्हणून दिसते तेच कवितेत विनोद म्हणून दिसते. फरक असा की जलरंगात ही क्रिया इतकी सहज घडते की ती ध्यानातच येत नाही. कवितेत मात्र ती उघडी पडते. देखावा अचानक जबडा उघडतो आणि पाहणारीला गिळतो. लिअरला साम्राज्यावर टीका करायची होती असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तो व्हाइसरॉयचा पाहुणा होता, रेल्वे व डाकबंगल्यांच्या सोयीने हिंडत होता आणि त्याची चित्रे इंग्रज उमरावांच्या दिवाणखान्यांसाठी होती. परंतु विनोदी लेखणीच्या हाती कधी कधी असे काही लागते की जे कुंचल्याच्या शिस्तीला परवडत नाही.

याच काळाचा विचार केल्यास या शांततेच्या कडा अधिक स्पष्ट होतात. लिअर भारतात हिंडत असताना बिहार-बंगालात १८७३–७४ चा दुष्काळ चालू होता आणि त्याचा यजमान नॉर्थब्रुक धान्यपुरवठ्याच्या विवंचनेत होता. लिअर मुंबईत उतरण्यापूर्वी जेमतेम दोन महिने, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, पुण्यात महात्मा फुले यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली होती. जानेवारी १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली होती. लिअर गेल्यानंतर काही महिन्यांतच, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव सुरू झाला आणि दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदला गेला. कर्जरोखे जाळणारी ती माणसे आणि पावसाळी पुण्याच्या आसपास लिअरला दिसलेली माणसे एकाच मुलखातली होती. पुढे १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये फुल्यांनी याच मुलखाचे जे चित्र रेखाटले त्यात झाडाखाली बसलेल्या कुणब्याला चेहरा आहे, कर्ज आहे आणि रागही आहे.

यावरून लिअरची चित्रे खोटी ठरत नाहीत. झाड तसेच होते, ऊनही तसेच होते. तारीख आणि घटका लिहून देणाऱ्या चित्रकाराइतका प्रामाणिक साक्षीदार विरळाच. पण साक्षीदाराने कोठे उभे राहावयाचे हे त्याच्या परंपरेने आधीच ठरवून टाकले होते. ग्रामदृश्याची शांतता ही गावाची असते की पाहणाऱ्याने घेतलेल्या अंतराची, हा प्रश्न लिअरच्या भारतीय जलरंगांपुढे उभे राहून विचारावा लागतो. मराठी साहित्यातील ग्रामीण निसर्गवर्णने वाचतानाही तो टाळता येत नाही.

६

भारतातून परतल्यावर लिअर इटलीतील सान रेमो येथे स्थिरावला. १८७१ पासून तिथे त्याचे स्वतःचे घर होते. घरासमोर हॉटेल उभे राहिले आणि चित्रशाळेतला उजेड हरवला. तेव्हा त्याने दुसरे घर बांधले आणि १८८१ मध्ये तिथे बिऱ्हाड हलवले. कवी टेनिसन याच्या ओळींवर दोनशे निसर्गचित्रे काढण्याचा संकल्प त्याने फार पूर्वी सोडला होता. त्यात भारतातील दृश्यांनाही जागा होती. शेवटची अनेक वर्षे तो याच कामात बुडाला होता, पण ते पुरे झाले नाही. त्याच्या मृत्यूनंतर १८८९ साली बावीस चित्रांचे एक छोटे पुस्तक शंभर प्रतींत निघाले, एवढेच त्याचे फलित.

१८८६ साली जॉन रस्किनने आपल्या आवडत्या शंभर लेखकांच्या यादीत लिअरला अग्रस्थान दिले. रस्किन हा निसर्गचित्रकलेचा त्या शतकातील सर्वांत मोठा भाष्यकार, टर्नरचा कैवारी. अशा समीक्षकाने गौरव केला तो लिअरच्या नॉन्सेन्सचा. त्याच्या निसर्गचित्रांचा तिथे उल्लेख नव्हता. जन्मभर निसर्गचित्रकार म्हणवून घेणाऱ्याच्या वाट्याला आलेला हा सन्मान त्याने आनंदाने स्वीकारला, हे त्याच्या स्वभावाला धरूनच झाले.

जॉर्जिओ १८८३ साली वारला. ज्याची चित्रे लिअरने शेकडो पत्रांत काढली तो फॉस हा बोका १८८७ च्या शरदात गेला. २९ जानेवारी १८८८ रोजी सान रेमो येथे लिअरचा मृत्यू झाला. जगभर मित्र असलेल्या या माणसाच्या अंत्यविधीला जुन्या मित्रांपैकी कोणी पोहोचू शकले नाही. त्याच्या थडग्याशेजारीच जॉर्जिओच्या स्मरणार्थ शिळा उभी आहे.

लिअरमागे राहिलेले रेखाटनांचे गठ्ठे त्याचा मित्र फ्रँकलिन लशिंग्टन याच्याकडे गेले आणि १९२९ नंतर ते संग्राहकांच्या हाती आले. तेव्हापासून चित्रकार लिअरचे पुनर्मूल्यमापन सुरू झाले. मराठी अभ्यासकासाठी त्याचे महत्त्व केवळ एक परदेशी विनोदी कवी म्हणून नाही. निसर्ग टिपताना शब्द आणि रेषा एकाच कागदावर कशा नांदतात, आणि त्या शांत कागदाबाहेर काय काय राहून जाते, या दोन्ही गोष्टी त्याच्या कामात एकाच ठिकाणी तपासता येतात. त्याच्या एखाद्या भारतीय जलरंगात माडाखाली एक पुसट शब्द दिसतो आणि त्या शब्दाच्या जागी आकृती रंगवायची राहून गेलेली असते. तो शब्द माणसासाठी लिहिलेला असेल तर ती रिकामी जागा कोणाची होती, याचा शोध चित्राबाहेर, त्याच सालातील मराठी लेखनात घ्यावा लागेल.